नॅसच्या कपाळावर डिस्प्ले हवाच

घरात नॅस आहे, म्हणजे नेटवर्कला जोडलेला फायली साठवायचा सर्व्हर, दोन डिस्क मिररला लावल्यात, एकीवर जे तेच दुसरीवर, मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्याच्यावर आहेत, बॅकअपचं काय ते नंतर कधीतरी बघू, पण मला आधी हे सांगा की पुढच्या पॅनलवर डिस्प्ले लावलाय का? नाही? मग कसला नॅस हो तो, घोंघावणारा डबा नुसता.

काही आळशी लोक असतात. ते डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडी नावाच्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाईलमध्ये स्वतःचा मेल आयडी टाकतात आणि डिस्क कुरकुरायला लागली की मेल येईल म्हणून निवांत झोपतात. यांच्या नादी अजिबात लागू नका. जे काम दहा मिनिटांत होतं त्यात कसली आलीय मजा, आपल्याला तीन वीकेंड घालवायचेत.

तर सुरुवात खरेदीपासून. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन घरपोच मिळतो हे माहितीये मला, पण "जरा जाऊन येतो" म्हणून चार तास घराबाहेर राहायला ऑनलाइनमध्ये मिळत नाही. सोळा बाय दोनचा कॅरेक्टर डिस्प्ले घ्या, निळा बॅकलाइटवाला. आतली चिप म्हणजे हिताचीचं ते जुनं एचडी ४४७८० किंवा त्याची कुठलीतरी नक्कल. दोन ओळी, एकूण ३२ अक्षरं. आमच्या घरात ३२ अक्षरांत कोणी चहाला हो सुद्धा म्हणत नाही, पण सर्व्हरची तब्येत तेवढ्यात बसवायची, तीच तर कला आहे.

त्यावर मराठीत "ठीक आहे" लिहायचा मोह होणार, मलाही झाला होता. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चिपांत इंग्रजीच्या जोडीला जपानी काताकाना बसवलेली असते, देवनागरी नसते. म्हणजे तुमचा नॅस सदाशिव पेठेतून जपानीत बोलू शकतो, मराठीत नाही. आपली म्हणून आठ अक्षरं बनवता येतात, प्रत्येकाला पाच बाय आठ ठिपके. मी एक अख्खा रविवार बसून ठी, क, आ, हे काढलं. आणि मग कळलं की डिस्प्लेवर अक्षरांच्या दोन घरांच्या मध्ये एका ठिपक्याएवढी फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते आणि मजकूर पावसात भिजलेल्या पाटीसारखा दिसतो. तुम्हीही एक रविवार घालवाच, माझ्या एकट्याचाच का जावा.

आता कापाकापी. डिस्प्लेचा पीसीबी, म्हणजे मागचा सर्किट बोर्ड, ८० बाय ३६ मिलिमीटर असतो आणि बाहेर दिसणारी काळी चौकट साधारण ७१ बाय २४. भोक चौकटीच्या मापाचं पाडायचं असतं. पण तुम्ही पट्टी लावणार पीसीबीला, सगळेच लावतात, आणि मग डिस्प्ले त्या भोकातून थेट आत मदरबोर्डवर जाऊन पडणार. कॅबिनेट रिकामं करून कापा असं शहाणे लोक सांगतात, तिकडे दुर्लक्ष करा, ड्रिल मशीन लावून चालू सर्व्हरवरच कापा, लोखंडाचा कीस फॅनमधून आत गेला की कुठं कुठं जातो ते बघण्यासारखं असतं.

जोडणीचे प्रकार बरेच. सरळमार्गी माणूस मध्ये एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, घालतो, यूएसबीने जोडतो, आणि दर वेळी सीरियल पोर्ट उघडला की आर्डुइनो रीसेट होऊन स्क्रीन कोरी का होते यावर आठवडाभर डोकं खाजवतो. वाकड्या वाटेच्या माणसासाठी एचडीएमआय पोर्ट आहे. नॅसला मॉनिटर नसतोच, पोर्ट मोकळाच पडलेला असतो, त्याच्या १५ आणि १६ नंबरच्या पिनवर आय-टू-सी, म्हणजे चिपांची दोन तारांवर बोलायची सोय, असतं आणि १८ वर ५ व्होल्ट, तिथे छोटा ओलेड डिस्प्ले चिकटवतात लोक, खरंच चिकटवतात. मग डिस्प्लेचा पत्ता शोधायला आय-टू-सी-डिटेक्ट चालवा. तो बिचारा स्वतःच इशारा देतो की याने बस, म्हणजे तीच तारांची लाइन, गोंधळू शकते, डेटा जाऊ शकतो आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. ज्या मशीनचं कामच डेटा सांभाळायचं आहे त्या मशीनवर हे वाचायचं आणि लगेच वाय दाबायचं.

पहिल्यांदा चालू केल्यावर नुसता निळा उजेड दिसेल, अक्षर एकही नाही. सगळ्या वायरी उपसून परत सोल्डर करा. कोड तीनदा बदला. पाठीमागचा कॉन्ट्रास्टचा तो निळा स्क्रू फिरवून बघायची गोष्ट शेवटी, रात्री दोन वाजता, वैतागून.

दाखवायचं काय, तर डिस्कचं टेम्परेचर. ते दर पाच सेकंदाला वाचा. डिस्कची तब्येत विचारायची कमांड स्मार्टसीटीएल, तिला झोपलेल्या डिस्कला उठवू नको असं सांगायचा एक ऑप्शन असतो, डॅश एन स्टँडबाय, तो टाकू नका, कारण झोपलेल्या डिस्कचा आकडा येत नाही आणि रिकामी जागा वाईट दिसते. डिस्क रात्रंदिवस फिरत राहील, पाचसहा वॅट खात राहील, आणि तुम्हाला ती किती तापलीय हे कळत राहील, आणि ती तापतेय ते तुम्ही सारखं विचारताय म्हणूनच. आजारी माणसाला दर पाच मिनिटांनी उठवून "झोप लागली का" विचारणारी आत्या असते ना, तसं.

दुसऱ्या ओळीत रेडची, म्हणजे त्या मिरर लावलेल्या जोडीची, अवस्था. ती सांगणाऱ्या लिनक्सच्या एमडीस्टॅट फाईलमध्ये यूयू आलं म्हणजे दोन्ही डिस्क जाग्यावर. एक गेली की एका यूच्या जागी खाली बारीक रेघ येते, जी या डिस्प्लेवर कोणालाही कर्सरच वाटेल. उत्तम सोय आहे.

काही जण कोपऱ्यात सेकंदाला लुकलुकणारा ठिपका ठेवतात, स्क्रिप्ट जिवंत आहे हे कळावं म्हणून. काही गरज नाही, डोळ्याला त्रास होतो. या डिस्प्लेचा मोठा गुण असा की स्क्रिप्ट मेली, केबल सुटली, काहीही झालं तरी वीज आहे तोवर शेवटचा मजकूर तो तसाच धरून ठेवतो. इतका निष्ठावंत नोकर आता मिळत नाही.

मग हे सगळं नेऊन टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दार लावून टाका, कारण बायकोला तो निळा उजेड नकोय. पाहुणे आले की दार उघडून दाखवा. ते "वा" म्हणून चहाकडे वळतात.

दार रोज उघडणारं घरात एकच माणूस, फडकं मारायला येणाऱ्या मावशी. दिवाळीच्या साफसफाईला त्याच म्हणाल्या, "दादा, तुमचं ते घड्याळ बंद पडलंय बघा, गणपतीपासून अडतीसच दाखवतंय. सेल गेला असंल, बदला की."

हसू नका. लॅपटॉप उघडा, एमडीस्टॅट बघा, ती बारीक रेघ दिसेल, दीड-दोन महिन्यांची. बारशाचे फोटो आता एका डिस्कवर आहेत आणि तीही त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेली. पण घाबरायचं कारण नाही, वीस बाय चारचा डिस्प्ले मिळतो, त्यात ८० अक्षरं बसतात, मग ठिपक्याला पण जागा होईल. भोक तेवढं वाढवावं लागेल. कानस कुठं ठेवलीय बघा जरा.