गोल्फ-फेसिंग फ्लॅटचे जादा पैसे

चेंबूरच्या गोल्फ क्लबाकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यावा की नाही, यावरून माझ्या मावसभावाच्या घरात दोन तट पडलेत. वहिनींचं म्हणणं, मुंबईत खिडकीतून झाडं आणि हिरवळ दिसणं ही चैन आहे, आणि समोर क्लब आहे म्हणजे उद्या तिथे टॉवर उठणार नाही. भाच्याला हे सगळंच खटकतं. पोरांना खेळायला जागा नाही आणि मूठभर मेंबरांसाठी एवढी जमीन, ती बाग म्हणून खुली करा, असा त्याचा धोशा. दादा दोघांचं ऐकून घेतो आणि बिल्डरने 'व्ह्यू'चे म्हणून वर लावलेले पैसे हप्त्यात कसे बसवायचे ते बघतो. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहते. इथे गोल्फ कोर्सच्या कडेकडेने वसलेल्या कॉलन्या आहेत, म्हणून माझं मत मागितलं गेलं. माझं मत असं: फ्लॅट आवडला तर घ्या, पण व्ह्यूचे पैसे देऊ नका.

आधी इथलं सांगते. इथली घरं एकमजली-दुमजली, परसदार थेट खेळाच्या हिरवळीला टेकलेलं. उजव्या हाताने खेळणाऱ्या कच्च्या खेळाडूचा फटका हमखास उजवीकडे भरकटतो, त्याला स्लाइस म्हणतात. म्हणून पहिला फटका मारायची जागा, म्हणजे टी, तिथून पुढे उजव्या हाताला दीड-दोनशे यार्डांवर जी घरं येतात त्यांच्या काचा फुटतात. जाणती माणसं घर बघायला गेली की स्वयंपाकघराआधी मागच्या दारी जाऊन टी कुठल्या बाजूला आहे ते बघतात. उंच जाळी लावावी म्हटलं तर कॉलनीची असोसिएशन, एचओए, बहुतेकदा परवानगी देत नाही. गवत कापायची यंत्रं उजाडायच्या आधी सुरू होतात. आमच्याकडचं बर्म्युडा गवत थंडीत खाकी पडतं, ब्रोशरमध्ये मात्र बारा महिने जून असतो. 2025 साली 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. गोल्फ कोर्सपासून मैलभराच्या आत राहणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण लांब राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. कीटकनाशकांवर संशय आहे, पण कारण सिद्ध झालेलं नाही. मी त्यावरून कुणाला घाबरवणार नाही.

मला खरं खुपतं ते वेगळंच. ही हिरवळ नुसती बघायची असते. मेंबर नसाल तर संध्याकाळी तिथे पाय मोकळे करायची सोय नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला कुणी मेंबरशिप विचारत नाही. ते सुख ज्याने घेतलंय त्याला इथलं हे हिरवं पोस्टर काही दिवसांनी नकोसं होतं.

तरी इथली एक गोष्ट मला मानावी लागते. शेजारच्या मैदानाचा तुमच्या घराशी काय संबंध, हे बऱ्याचदा घराच्या कागदातच लिहिलेलं असतं. मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टन गावी एका कुटुंबाने 2017 मध्ये एका गोल्फ क्लबाच्या पंधराव्या होलजवळ, म्हणजे चेंडू घालायच्या पंधराव्या खळग्याजवळ, घर घेतलं. सहाशेंहून अधिक चेंडू येऊन आदळले. ज्युरीने 2021 मध्ये व्याजासकट जवळपास 49 लाख डॉलर भरपाई ठरवली, आणि 2022 च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण? त्या वसाहतीच्या जुन्या दस्तऐवजातच क्लबाला गोल्फ चालवायचा हक्क राखून ठेवला होता, आणि 'वाजवी रीतीने चालवणं' म्हणजे काय, हे ज्युरीला नीट समजावलं गेलं नव्हतं. निकाल पटो न पटो, भांडण निदान एका लिहिलेल्या ओळीवर झालं.

मुंबईत विसाव्या मजल्यावर चेंडू येणार नाही. तिथे धोका आहे तो समोरची जमीन बदलण्याचा. क्लब कायमचा असतो ही समजूत इथेही फोल ठरली. अमेरिकेत 2006 नंतर पुढे कित्येक वर्षं दरसाल नव्या गोल्फ कोर्सपेक्षा बंद पडणारेच जास्त होते, आणि बंद पडलेल्या जागेवर पहिली नजर घरं बांधणाऱ्यांची. चेंबूरचा क्लब 1927 चा, जुना आणि भक्कम. पण त्याच चेंबूरमध्ये 1948 पासून असलेला आर. के. स्टुडिओ विकला गेला आणि तिथे फ्लॅट उभे राहिले, हे वहिनींनी डोळ्यांनी पाहिलंय. 'असंच राहणार' हा शब्द त्या नेमक्या कुणाच्या भरवशावर देतात?

भाच्याचंही मला अर्धंच पटतं. क्लब हटला की आपोआप बाग येते असं नाही. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेला द्यायचं 2024 मध्ये ठरलं, आणि लगेच त्या जमिनीच्या पोटात काय बांधायचं यावर वाद पेटला. नेरुळला तर उलटं झालं. एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीमागच्या पाणथळीवर, जिथे फ्लेमिंगो उतरतात, तिथे गोल्फ कोर्स आणि सोबत निवासी टॉवर आणायचा बेत होता. उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो रद्द केला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे गोल्फ हे टॉवर विकण्याचं निमित्त होतं. इथेही कित्येक कोर्स मुळात भोवतालचे प्लॉट चढ्या भावाने खपावेत म्हणूनच आखले गेले, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

म्हणून दादाला दोन कामं सांगितली. समोरच्या जमिनीचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, काढून महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातला शेरा, घे. ती जमीन कशासाठी राखलीय ते कळेल. आणि करारनाम्याच्या मसुद्यात गोल्फ हा शब्द शोध. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या दाव्यामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते, हे खरं. पण बिल्डर हुशार असतो, 'आज दिसतं' एवढंच छापतो, आणि आज तर दिसतंच.

वहिनींनी मला सुनावलं: "तुझ्या दारात झाडंच झाडं, तुला काय किंमत!" त्यांचं चुकलेलं नाही. चाळीस वर्षं समोरच्या इमारतीची बाथरूमची खिडकी बघितल्यावर माणूस हिरव्यासाठी पैसे मोजणारच. फक्त किती, ते कळायला हवं. दादाने त्याच मजल्यावरच्या रस्त्याकडच्या फ्लॅटचा भाव मागितलाय. सेल्सवाला म्हणतो, तसा वेगळा भाव सांगता येत नाही साहेब, आणि स्कीम रविवारपर्यंतच आहे.