हिममानव ‘सिद्ध’ झालेला नाही: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आमच्या बोरिवलीच्या ट्रेकिंग ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, मग मावशीनं पाठवला होता. म्हणणं असं: भारतीय सैन्याला हिममानवाची पावलं सापडली. नेपाळच्या मठांत त्याच्या डोक्याची कातडी आणि हात जपून ठेवलेत. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञानं डीएनए तपासून शिक्कामोर्तब केलं. आणि शेर्पा पिढ्यान् पिढ्या खोटं कशाला बोलतील? पाठवणारे काका माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, हरिश्चंद्रगड मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवला. त्यामुळे ‘फेक आहे’ एवढं लिहून मोकळं होणं मला जमलं नाही.

आधी सैन्याची गोष्ट. सैन्याच्या गिर्यारोहण पथकाला 9 एप्रिल 2019 रोजी नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ मोठे ठसे दिसले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सैन्याच्या ट्विटर खात्यावर फोटो आले. माप दिलं होतं 32 बाय 15 इंच. जवानांनी ठसे पाहिले याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ठसे कोणाचे? माणसाच्या पावलाची लांबी उंचीच्या साधारण 15 टक्के असते. त्या हिशेबानं 32 इंची पाऊल असलेला दोन पायांचा प्राणी जवळपास अठरा फूट भरतो, म्हणजे बेस्टच्या डबलडेकरहून उंच. नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्यानं तेव्हाच सांगितलं होतं की स्थानिक लोक आणि भारवाहक याला अस्वलाचे ठसे म्हणतात. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य नाही.

बर्फात चालताना अस्वलाचा मागचा पंजा बरेचदा पुढच्या पंजाच्या ठशावरच, जरा मागेपुढे पडतो. दोन ठसे मिळून एक लांबट पाऊल उमटतं आणि ते माणसासारखं दिसतं. त्यावर दोन दिवस ऊन पडलं की कडा वितळून ठसा पसरतो. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी 1951 मध्ये एव्हरेस्टच्या परिसरातल्या मेनलुंग हिमनदीवर बर्फकुऱ्हाड शेजारी ठेवून काढलेला प्रसिद्ध फोटो बघतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. तो फोटो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण वितळत्या बर्फातल्या ठशावरून प्राण्याची जात ठरवता येत नाही.

यावर काकांचं म्हणणं, हिमालय अफाट आहे, प्राणी लपून राहू शकतो. मग आपल्या दारातला बिबट्या घ्या. तोही लाजरा, रात्री फिरणारा. तरी 2015 च्या पाहणीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासच्या सुमारे 140 चौरस किलोमीटरमध्ये कॅमेऱ्यांनी 35 बिबटे टिपले, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक ओळखून. विष्ठा, केस, अर्धवट खाल्लेली शिकार हे सगळंही सापडतं. हिमालयात हिमबिबट्यासुद्धा अशा कॅमेऱ्यांत येतो. अठरा फुटांचा प्राणी एकदाही येत नाही.

आता मठातले अवशेष. हा भाग वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पा गावची डोक्याची कातडी एडमंड हिलरींच्या 1960 च्या मोहिमेनं गावकऱ्यांकडून सहा आठवड्यांच्या बोलीवर तपासायला नेली. गावचे खुन्जो चुंबी स्वतः तिच्यासोबत शिकागो, पॅरिस, लंडनला गेले. निघालं काय, तर सेरो या बकरीसारख्या डोंगरी जनावराचं कातडं, डोक्याच्या आकारात घडवलेलं. कातडी निदान विचारून नेली आणि परत आणली. पांगबोचे गावच्या मठातल्या हाताचं तसं झालं नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हिममानव शोधायला आलेल्या पीटर बर्न यांनी त्यातलं बोट काढून घेतलं आणि जागी माणसाचं हाड बसवलं. ते बोट हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट आणि त्याच्या पत्नीच्या सामानातून भारताबाहेर गेलं. 2011 मध्ये एडिनबरात त्याचा डीएनए तपासला: माणसाचं बोट. मठात उरलेला हातही 1990 च्या दशकात चोरीला गेला. म्हणजे शोधाच्या नावाखाली एका मठाचा ठेवा गेला, आणि मेसेज अजून तो तिथेच आहे असं सांगतोय.

ऑक्सफर्डचा मुद्दा लवकर संपतो. ब्रायन साइक्स यांनी 2014 मध्ये लडाख आणि भूतानचे दोन केस प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असं मांडलं होतं. हिममानव सापडला असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. आणि इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा ते केसही हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचे ठरले.

राहिले शेर्पा. ते खोटं बोलतात असं माझं म्हणणं मुळीच नाही. 1921 च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फात ठसे दिसले, तेव्हा मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना ते लांडग्याचे वाटले. पण कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’साठी लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी भारवाहकांच्या तोंडच्या शब्दाचा भलताच अर्थ लावला आणि ‘किळसवाणा हिममानव’ असं नाव जगभर गेलं. शेर्पांचा येती, म्हणजेच हा हिममानव, त्यांच्या गोष्टींत, त्यांच्या श्रद्धेत आहे. आपल्याकडे पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजतात, त्यांच्याकडे कोणी वाघोबाचं हाड मागत नाही. शेर्पांकडे मात्र बाहेरच्यांनी हाड मागितलं, आणि मिळालं ते उचलून नेलं.

2017 मध्ये शास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटानं हिममानवाचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले: आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. त्याच कामातून कळलं की हिमालयातलं तपकिरी अस्वल इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं. इतकी जुनी वंशशाखा, आणि आज ती अगदी थोडी उरलीय. काका, मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर या अस्वलाचा पाठवूया.

आणि जूनमध्ये ग्रुप द्रासमार्गे लडाखला जाणार आहे, तिकडे ही अस्वलं आहेत. बर्फात मोठे ठसे दिसले तर शेजारी पट्टी ठेवून एकाच ठशाचा नव्हे, सलग दहा ठशांचे फोटो काढा. केस सापडले तर हात न लावता कोरड्या कागदात घ्या आणि तिथल्या वन्यजीव खात्याच्या माणसाकडे द्या.