मास्टर सिलिंडर घरच्या घरी बदलू इच्छिणाऱ्यांस

सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि गाडीखाली मात्र ऑइलचा एक थेंबही सांडलेला नसेल, तर आपले अभिनंदन. मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलून चाकांकडे पाठवणाऱ्या नळकांड्यातले, रबरी कप झिजले असून दाबाखालचे ऑइल त्यांना बगल देत आतल्या आत मागे सरकते आहे, हे निदान आपण स्वतःच केले आहे. आणि ज्याला निदान जमले त्याला शस्त्रक्रिया जमत नाही, असे गॅरेजवाल्यांखेरीज कोण म्हणेल?

हत्यारांवर खर्च करू नये. ब्रेक पाइपचे नट सोडवण्यासाठी नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा खास पाना मिळतो, पण तो विकत घेणे म्हणजे आपल्या मनगटावर अविश्वास दाखवणे होय. घरातला झिजका दहा नंबरचा फिक्स पाना लावावा, तो निसटून नटाचे कोपरे गोल झाले की पक्कड घ्यावी, आणि नटाबरोबर पाइपही पिळला गेला की नवा पाइप आणायला निघावे. गाडी खोलून ठेवलेली असल्याने अर्थातच रिक्षाने. खाली चिंध्याही अंथरू नयेत. ब्रेक ऑइलने रंग फुगून पोपडे निघतात, त्यामुळे काम आपणच केल्याची खूण बॉनेटखाली कायम राहते.

ऑइल नवे आणू नये. माळ्यावर झाकण सैल राहिलेला जुना डबा असतोच. हे ऑइल हवेतली ओल शोषते, हे खरे. कोऱ्या डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंश असला तरी प्रमाणाला पुरतो. त्याहून जुन्या डब्याचे काय होते, हे आंबेनळी घाट उतरताना ब्रेक तापून आत वाफ झाली की प्रत्यक्षच कळते, कारण वाफ दाबली जाते आणि चाके थांबत नाहीत.

नवा सिलिंडर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरावा, त्याच्या तोंडांना लावलेल्या नळ्या त्याच्याच ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवाव्यात आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबावा, असे जाणकार सांगतात. जाणकारांना वेळ पुष्कळ असतो. आपण तो तसाच बसवावा आणि आतली हवा चार चाकांच्या निपलांतून, म्हणजे हवा सोडण्याच्या छोट्या पोकळ बोल्टांतून, काढत दुपार घालवावी.

या कामाला पेडलवर दुसरा माणूस लागतो. तो घरातलाच, शक्यतो मोबाइलमध्ये डोके घातलेला असावा. आपण चाकाशी आडवे होऊन "दाब" म्हणावे, "दाबलंय" असे उत्तर आल्यावर निपल सैल करावे आणि "सोडू नकोस" असे ओरडावे. वर गाडीत त्यातले "सोड" एवढेच ऐकू जाते. निपल उघडे असताना पाय उचलला गेला की बाहेर आलेली हवा इमानाने आत परतते. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, हे गाडीच्या पुस्तिकेत असते, म्हणून ती उघडू नये. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर जोडून त्या यंत्रणेचा पंप चालवावा लागतो, हेही मग कळत नाही. टाकीतली पातळी तर मुळीच पाहू नये. ती कोरडी पडली की पुन्हा पहिल्यापासून, आणि शेजारी तोवर चहाचा कप घेऊन सल्ला द्यायला पोचलेले असतात.

राहिली चाचणी. गाडी जागेवरच ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे, ते खाली सरकते का पाहावे आणि प्रत्येक जोड कोरडा आहे का ते बोटाने तपासावे, हा प्रकार फार कंटाळवाणा आहे. त्याऐवजी कुटुंबाला बसवून सरळ घाट गाठावा. सिलिंडरमध्ये दोन पिस्टन आणि दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणजे एक गेला तरी निम्मे ब्रेक आपलेच. शिवाय हॅन्डब्रेक तारेवर चालत असेल, तर त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवण्यास हरकत नाही. त्याचा मास्टर सिलिंडरशी संबंध नसतो आणि त्याला अद्याप आपला हातही लागलेला नाही.