डीयूचा आकडा घेऊन भांडायला येऊ नका

सकाळी अकराची वेळ, सगळं ऑफिस मेल उघडून बसलेलं, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या मेलबॉक्सनं किती जागा खाल्ली ते बघायला कुणीतरी सर्व्हरवर 'डीयू -एसएच' (फोल्डरनं डिस्कवर घेतलेली जागा मोजणारी लिनक्सची कमांड) मारतो. अरे, मेलडिरमध्ये, म्हणजे मेल साठवायच्या या पद्धतीत, एक मेल म्हणजे एक फाइल! लाखो फायली चाळताना डिस्कच्या तोंडाला फेस येतो, आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचायची सोय) अडकतं, मग "मेल का उघडेना" म्हणून बोंबाबोंब. मारायचाच असेल तर रात्री मारा, तोही 'आयोनाइस -सी३' लावून, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच तो चालेल.

एवढं करून हाती येतं काय? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं तोलल्यावर बारदानाचं वजन वजा करतात. डीयू बारदानासकट तोलतो. डिस्क जागा अख्ख्या ब्लॉकांतच देते, म्हणून ४ केबीच्या ब्लॉकवर दीड केबीचा मेलही ४ केबी खातो. असे एक लाख मेल म्हणजे माल १५० एमबी, काट्यावर ४०० एमबी. वर डव्हकॉटच्या (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) इंडेक्स आणि कॅशच्या फायली वेगळ्याच. '--अपरंट-साइझ' लावलं की ब्लॉकचा फुगवटा जातो, इंडेक्स तिथंच.

उलटंही होतं. एकच मेल 'बिलं' आणि 'मार्च' अशा दोन फोल्डरांत कॉपी केला, तर डव्हकॉट हार्डलिंक करतो, म्हणजे फाइल एकच, नावं दोन. डीयू तो एकदाच मोजतो, कोटा (माणशी जागेच्या मर्यादेचा डव्हकॉटचा हिशोब) दोनदा. कॉम्प्रेशन चालू असेल तर डीयू दाबलेली साइझ दाखवतो, कोटा मूळची. मग अकाउंटवाले म्हणणार, "डीयूत ३ जीबी, मग मेलबॉक्स फुल कसा?" भांडा आता!

माणशी हिशोब हवा तर डव्हकॉटलाच विचारा ना: 'डवअ‍ॅडम कोटा गेट -ए', सगळ्या युजरांचा कोटा एकदम. युजर एसक्यूएल डेटाबेसमध्ये असतील तर आधी सगळी नावं काढून देणारी 'इटरेट क्वेरी' लिहा, नाहीतर यादीच मिळणार नाही. आणि कुणा शहाण्यानं थेट 'आरएम'नं (फाइल पुसायच्या कमांडनं) मेल उडवले असतील तर आकडा शिळा राहू शकतो. त्या युजरचा कोटा नव्यानं मोजणारं 'कोटा रिकॅल्क -यू' चालवल्याशिवाय त्यावर बोलूच नका.

डिस्क अर्धी रिकामी, तरी मेल घेईना? 'डीएफ -आय' मारून आयनोड किती उरले ते बघा; आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलला लागणारी डिस्कवरची नोंद. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम डीफॉल्टला दर १६ केबीमागे एकच आयनोड देतो; बारक्या मेलांचा ढीग झाला की जागेआधी आयनोड संपतात. तेव्हा साहेबांचा २५ एमबीचा पीडीएफ उडवून एकच आयनोड सुटतो. ट्रॅशमध्ये दोन वर्षं कुजत पडलेले हजारो 'ओके सर' आधी काढा.