येऊरच्या मातीतली बुरशी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा पहिला आक्षेप असा: ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वर्षानुवर्षं फिरतोय, पावसाळ्यात चार अळंब्यांपलीकडे काही दिसत नाही, मग मातीत मायकोरायझाचं, म्हणजे झाडांच्या मुळांशी नातं जोडून राहणाऱ्या बुरशीचं, एवढं वैविध्य आहे हे कशावरून? दुसरा जास्त टोकदार आहे. या बुरशीच्या त्याच जाती जगभर सापडत असतील, तर घोडबंदरची एखादी टेकडी कापल्यानं काय बुडालं? नव्या रोपांच्या खड्ड्यात या बुरशीची विकत मिळणारी पावडर टाकली की झालं!

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. पावसाळ्यात आदिवासी बायका बाजारात विकायला आणतात ती वारुळाची अळंबी वाळवीच्या सोबतीनं वाढते, झाडाच्या मुळांशी तिचं नातं नाही. आणि येऊरच्या साग, पळस, मोह, बांबू यांच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीला अळंबी येतच नाही. ती मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी फांदते आणि तिचे बीजाणू जमिनीखालीच तयार होतात. ते बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. माती पाण्यात ढवळून बारीक चाळण्यांतून गाळली, तर भिंगाखाली दिसतात. मुळांशी नातं असलेली, पण जिला अळंबी येते अशी दुसरी बुरशी उष्ण कटिबंधापेक्षा थंड प्रदेशांतल्या जंगलांत अधिक विविध असते, असं 2014 च्या जागतिक मृदा-सर्वेक्षणात दिसलं. त्यामुळे अळंब्या मोजून आपल्या मातीचा अंदाज बांधता येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यातला आधार खरा आहे. 2015 च्या जगभरच्या अभ्यासात मुळाच्या पेशीत शिरणाऱ्या या बुरशीचे 93 टक्के प्रकार एकाहून अधिक खंडांत सापडले. पण ते प्रकार जनुकाच्या एका छोट्या तुकड्यावरून ठरवलेले होते. एकाच नावाखालच्या दोन वाणांचा रोपावर होणारा परिणाम खूप वेगळा असू शकतो. शिवाय वर्णन झालेल्या जाती तीनशेच्या आसपास, आणि त्या जगातल्या सुमारे 70 टक्के वनस्पती-जातींशी नातं जोडतात. म्हणजे प्रश्न जाती दुर्मिळ आहेत का हा नाहीच, त्या जागी कोणकोण एकत्र नांदतंय हा आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कुरणाच्या मातीत बुरशीच्या जाती वाढवत चौदापर्यंत नेल्या, तसं वनस्पतींचं वैविध्य आणि उत्पादन वाढत गेलं, मातीतला फॉस्फरसही अधिक वापरला गेला. आपल्या लाल मातीतलं लोह फॉस्फरस घट्ट धरून ठेवतं. मूळ आपल्या भोवतीचे काही मिलिमीटरच उपसू शकतं. त्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पोचतात ते बुरशीचे धागे. जेसीबीनं वरचा थर खरवडला की हे धागे तुटतात आणि खाली उरलेल्या मुरुमात बीजाणूही फारसे नसतात. बाजारातल्या पुडीत बहुधा एक-दोन किंवा मोजक्याच जाती असतात. जंगलाची भरपाई तिनं होते, हे मला मुळीच मान्य नाही.

मातीतल्या बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यातून झाडं एकमेकांशी बोलतात या गोष्टीवर तुम्ही टीका केलीत, ती रास्त आहे. जंगलातल्या अशा जाळ्यांबद्दलचे कित्येक दावे पुराव्यापुढे धावलेत, असं 2023 मध्ये संशोधकांनीच दाखवून दिलं. पण वाद जाळ्यातून झाडाकडून झाडाला काय जातं याचा आहे. मुळाला बुरशीकडून फॉस्फरस मिळतो आणि बुरशीला झाडाकडून साखर, यावर वाद नाही.

सोसायटीच्या मागच्या उतारावर पावडर टाकू का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. माती आधीच खरवडली गेली असेल तर टाका. ती मुळांना लागेल अशी खड्ड्यात टाका, वर भुरभुरून उपयोग नाही, आणि त्याच खड्ड्यात डीएपी हे फॉस्फरसचं खत घालू नका. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला फारसं जवळ करत नाही. पण शेजारच्या प्लॉटचं खोदकाम अजून सुरू व्हायचं असेल, तर आधी तिथल्या माणसांशी बोला. वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवायला सांगा, तिचा उंच ढीग नको, सावलीत ओलसर राहू दे, आणि पहिल्या पावसात तीच उतारावर पसरा.