‘लपवायला काही नाही तर घाबरता कशाला?’ फोटो स्कॅनिंगच्या त्या फॉरवर्डला उत्तर

फोन कंपन्या फोटो तपासतात हा विषय निघाला की एक ठरलेला मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात पण गाभा तोच: मशीन फक्त आधीच माहीत असलेल्या गुन्ह्याच्या फोटोंशी जुळवून बघतं, चूक व्हायची शक्यता एक लाख कोटीत एक, तरी झालीच तर शेवटी माणूस तपासतो, हे सगळं फक्त लहान मुलांसाठी आहे, आणि ज्याला लपवायचं काही नाही त्याला घाबरायचं कारण नाही. जे विरोध करतात ते गुन्हेगारांचे साथीदार, ही वरची फोडणी.

वाचायला एकदम पटतं, म्हणून तर एवढं फिरतं. मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो पकडले जाऊ नयेत असं कुणीच म्हणत नाहीये, मीही नाही. भांडण आहे ते तपासणी कुठे बसवायची, ज्या फोटोंशी जुळवायचं त्यांची यादी कुणाच्या हातात आणि मशीन चुकलं तर दाद मागायची कुणाकडे, यावर. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘मशीन फक्त माहीत असलेल्या फोटोंशी जुळवतं.’

अर्धंच खरं. ही पद्धत आहे आणि जुनी आहे, मायक्रोसॉफ्टचं फोटोडीएनए २००९ पासून आहे. फोटोवरून एक हॅश काढायचा, म्हणजे आकड्यांचा ठसा म्हणा, आणि तो यादीतल्या ठशांशी ताडून बघायचा. साइज बदलली, रंग थोडे बदलले तरी ठसा जवळपास तोच राहतो. इथपर्यंत ठीक. पण गूगलने २०१८ मध्ये दुसरंच काहीतरी आणलं, एआय क्लासिफायर, जो आधी कुणीच न पाहिलेला फोटो बघून ‘हा तसला वाटतोय’ असा अंदाज करतो. ‘हा तोच फोटो आहे का’ आणि ‘हा तसला वाटतोय का’ या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि फॉरवर्डवाले दोन्हींना बिनदिक्कत एकाच माळेत ओवतात.

याचं काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाला विचारा. फेब्रुवारी २०२१, छोट्या मुलाच्या गुप्तांगाला सूज, व्हिडिओवर डॉक्टर बघणार होते आणि त्याआधी नर्सने फोटो पाठवायला सांगितले, म्हणून यांनी काढले. अँड्रॉइड फोन, त्यामुळे फोटो आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले. दोनच दिवसांत अकाउंट बंद. ईमेल, कॉन्टॅक्ट, मुलाच्या लहानपणीचे सगळे फोटो गेले, आणि फोनची सर्व्हिसही गूगलचीच असल्यामुळे नंबरसुद्धा गेला. पोलिसांनी तपास केला, गुन्हा घडलेलाच नाही म्हणून केस बंद केली. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), तपास करणाऱ्या पोलिसाला या माणसाशी संपर्कच करता येईना कारण नंबर आणि ईमेल दोन्ही मेलेले! शेवटी कळलं ते टपालाने. त्याने पोलिसांचा रिपोर्ट गूगलला दाखवला, तरी अकाउंट काही परत मिळालं नाही. हे सगळं २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, त्यात टेक्सासमधल्या अशाच दुसऱ्या बापाचीही केस होती.

‘चूक एक लाख कोटीत एक.’

हा आकडा अॅपलचा. ५ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी जाहीर केलं की आयक्लाउडवर, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर, जाणारे फोटो आयफोनमध्येच तपासले जातील, न्यूरलहॅश नावाच्या पद्धतीने. साधारण ३० फोटो जुळले तरच अकाउंट त्यांच्या माणसांसमोर येणार, आणि चुकून एखादं निर्दोष अकाउंट पकडलं जायची शक्यता वर्षाला एक लाख कोटीत एक. आता हा आकडा कंपनीचा स्वतःचा अंदाज, एकाच कंपनीच्या एकाच पद्धतीचा, आणि ती पद्धत कधी सुरूच झाली नाही. फॉरवर्डमध्ये मात्र तो सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या स्कॅनिंगला चिकटवलाय.

शिवाय तो आकडा योगायोगाने होणाऱ्या चुकीचा आहे, कुणी मुद्दाम केलेल्या खोडीचा नाही. घोषणेला दोन आठवडेही झाले नव्हते तोवर लोकांनी आयफोनच्या आयओएस १४.३ सिस्टीममध्ये आधीच पडून असलेलं न्यूरलहॅश बाहेर काढलं आणि कुत्र्याच्या फोटोचा जो हॅश तोच हॅश येणारं एक राखाडी, अर्थहीन चित्र बनवून दाखवलं. अॅपलने सांगितलं की ही शेवटची आवृत्ती नाही आणि सर्व्हरवर दुसरा हॅश वापरून परत तपासणार होतो. मान्य, उत्तर अगदीच पोकळ नाही. पण मग ‘चूक होऊच शकत नाही’ची जागा ‘चूक झाली तर दुसरं गाळण आहे’ने घेतली की नाही?

‘शेवटी माणूस तपासतो.’

त्या बापाच्या केसमध्येही माणसाने तपासलं होतं. गूगलचं म्हणणं की फोटो बघणाऱ्यांना त्यात पुरळ किंवा लाली दिसली नाही. म्हणजे डॉक्टरला दाखवायला काढलेला फोटो स्क्रीनवर अनोळखी माणूस बघणार, त्याला ना मुलाचं दुखणं माहीत, ना नर्सचा निरोप, आणि निकाल तोच देणार. आणि ‘तुमचे फोटो कुणी बघत नाही’ असं सांगणारे लोकच पुढच्या वाक्यात ‘माणूस बघतो’ म्हणून धीर देतात, हे मला कधीच झेपलं नाही.

‘हे फक्त मुलांसाठी आहे.’

आज असेल. पण अॅपलसारख्या पद्धतीत फोनमध्ये यादी असते ती नुसत्या ठशांची, त्यावरून आत काय आहे ते तुम्हाला-मला कळत नाही, फोनला तर नाहीच. उद्या त्यात आंदोलनाचं पोस्टर किंवा कुणा नेत्याचं व्यंगचित्र घातलं तर मशीन तितक्याच इमानेइतबारे जुळवेल. अॅपलने यावर तोडगा काढला होता, वेगवेगळ्या देशांतल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या किमान दोन संस्थांच्या यादीत असेल तोच हॅश घ्यायचा, आणि सरकारांनी दुसरं काही मागितलं तर नकार द्यायचा. नकार द्यायची इच्छा खरी असेलही, पण कायद्यापुढे ती कितपत टिकते? ब्रिटन सरकारने एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद केलेला, डेटा मिळावा म्हणून गुप्त आदेश काढल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅपलने तिथल्या युजर्ससाठी आयक्लाउडचं सगळ्यात कडक एन्क्रिप्शन, ज्यात कुलूप खुद्द कंपनीलाही उघडता येत नाही, ते काढून घेतलं. निदान सरकारच्या हातात चावी दिली नाही, पण सोय गेली ती लोकांचीच.

आणि मुख्य म्हणजे फॉरवर्ड ज्या अॅपलचे आकडे नाचवतो त्याच अॅपलने ही योजना सप्टेंबर २०२१ मध्ये पुढे ढकलली, डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळली, आणि २०२३ मध्ये लेखी सांगितलं की असं स्कॅनिंग केलं तर डेटा चोरणाऱ्यांना नव्या वाटा मिळतील आणि एका गोष्टीसाठी सुरू केलेलं पुढे सरसकट पाळतीपर्यंत घसरत जाऊ शकतं. ज्याने मशीन बनवलं तोच नको म्हणतोय, आपण कशाला वकिली करायची?

‘लपवायला काही नाही तर घाबरता कशाला?’

वरच्या बापाकडेही लपवायला काही नव्हतं. पुढे.

‘विरोध करणारे गुन्हेगारांचे साथीदार.’

२०२१ च्या ऑगस्टमध्येच नव्वदहून जास्त संस्थांनी अॅपलला योजना मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं, त्यात मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्था होत्या. प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी तर अशीच सिस्टीम आधी स्वतः बनवली होती, आणि बनवल्यावर तेच म्हणाले की ही धोकादायक आहे. यांनाही साथीदार म्हणणार का?

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द, कारण तिकडेही फॉरवर्डचा सुळसुळाट आहे. अँड्रॉइड सिस्टीम सेफ्टीकोर नावाचं अॅप फोनमध्ये दिसलं की ‘गूगल तुमची गॅलरी पोलिसांना पाठवतंय, लगेच डिलीट करा’ असा मेसेज येतो. ते अॅप न विचारता गपचूप टाकलं हे चुकलंच, त्यावर शिव्या घाला, पण ते फोनवरच चालतं आणि मेसेजमध्ये आलेला नग्न फोटो धूसर करून आधी सूचना देणाऱ्या सोयीसाठी आहे, रिपोर्ट वगैरे करत नाही. प्रायव्हसीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या ग्राफीनओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या सिस्टीमच्या लोकांनीही हेच सांगितलं. ते डिलीट करून निवांत झोपलेल्या माणसाचा क्लाउड बॅकअप मात्र चालूच असतो, आणि तपासणी होते ती तिथे, सर्व्हरवर. तेव्हा सेफ्टीकोर काढायच्या आधी ऑटो बॅकअप कुठल्या कुठल्या फोल्डरला चालू आहे ते बघा, आणि डॉक्टरला दाखवायला मुलाचा तसा फोटो काढावा लागलाच तर बॅकअप बंद करून काढा, डॉक्टरला दाखवला की फोनमधून उडवा आणि मगच बॅकअप परत चालू करा.