वसंतदादांच्या पदांबद्दल खुलासा
'वसंतदादा पाटील आधी राजस्थानचे राज्यपाल होते, मग महाराष्ट्रात परत येऊन मुख्यमंत्री झाले' असा मेसेज सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय. क्रम उलटा आहे. मुख्यमंत्र्यांच्या आणि राजस्थानच्या माजी राज्यपालांच्या याद्या शेजारी ठेवल्या की लगेच कळतं. दादा १९७७ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. शेवटची शपथ मार्च १९८५ ची, जूनमध्ये शिवाजीराव निलंगेकर आले आणि त्यानंतर नोव्हेंबरात दादा जयपूरला गेले. १९८७ पर्यंत ते राज्यपाल होते, पुन्हा मुख्यमंत्री झाले नाहीत. राज्यपालपदानंतर मंत्री झालेले हवेत तर एस. एम. कृष्णा आहेत, २००९ चे परराष्ट्रमंत्री. १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडणाऱ्या दादांचा इतिहास सांगलीतूनच चुकीचा जावा, हे मनाला लागतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.